मरुभूमींतील राजवाड्यांत दोन रात्री

ज्या घरांत जेवतांना तुपाची तामली किती तिरपी करावी याचाहि विचार होतो, त्या घरांतील माणसानें एका रात्रीच्या मुक्कामासाठीं आपल्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून अधिक पैसे मोजावेत काय, असें गेल्या वर्षीं मला कोणी विचारलें असतें, तर मीं एका शब्दांत उत्तर दिलें असतें, आणि वर दोन सुभाषितें ऐकवून विचारणाराची बोळवण केली असती. आज मला तें उत्तर तितक्या त्वरेनें देतां येत नाहीं. कां देतां येत नाहीं, हें वाचकांस सांगावें, आणि सांगतां सांगतां आपलें आपणांसहि थोडें उमजून घ्यावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहावयास बसलों आहें.

झालें तें असें. आमचें कुटुंब एकत्र. मी, धाकटे बंधु, दोघांचीं मुलें, सुना आणि नातवंडें मिळून सणावाराला पंचवीस पानें मांडावीं लागतात. माझा थोरला मुलगा पुण्यास एका कारखान्यांत अभियंता आहे. गेल्या दिवाळींत तो घरीं आला तेव्हां भाऊबीजेच्या रात्रीं त्यानें सर्वांदेखत जाहीर केलें कीं, आमच्या विवाहास चाळीस वर्षें झालीं, म्हणून तो आम्हां उभयतांस जोधपूरला नेणार आणि तेथील उम्मेदभवन या राजवाड्यांत दोन रात्री ठेवणार. राजवाड्याच्या एका भागांत आतां उंची हॉटेल आहे. भाडें किती, असें मीं विचारलें. तो सांगेना. धाकट्यानें आपल्या मोबाइलवर पाहून तो आंकडा वाचून दाखविला आणि ओटीवर क्षणभर सामसूम झाली.

“पैसा तुझा आहे, तो तूं हवा तसा उधळ, पण मला त्यांत गोवूं नकोस,” असें मी ताडकन म्हणालों. द्वारकेस जावें, धर्मशाळेंत उतरावें, दोन दिवस एकभुक्त राहावें, हें आमच्या वयास शोभेल. राजांच्या पलंगावर लोळणें शोभणार नाहीं, असेंहि बरेंच बोललों. मुलगा गप्प राहिला. आमचीं मंडळी स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती, तीहि कांहीं बोलली नाहीं. मौन हें संमतीचें लक्षण मानलें आहे. तिची संमति मला आहे, असें मीं धरून चाललों.

माझा विचार बदलला तो मुलाच्या आग्रहानें नव्हे, तर दहावींतल्या नातवाच्या एका वाक्यानें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “आजोबा, तो राजवाडा दुष्काळांत बांधला आहे. लोकांना काम मिळावें म्हणून.”

दुष्काळांतलें काम या शब्दांनीं मी चपापलों, त्याचें कारण सांगावयास हवें. आमचें मूळ गांव सांगली जिल्ह्याच्या पूर्व अंगास, जतेच्या बाजूचें. १९७२ सालीं मी चौदा वर्षांचा होतों. पावसानें दगा दिला, विहिरींचे तळ दिसूं लागले, चाऱ्यावांचून बैल मातीमोलानें गेले. रेशनवर परदेशची तांबडी मिलो मिळे. तिची भाकरी थापतांनाच चिरे आणि घशाखालीं उतरतांना टोंचे. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि जेथें दुसरें कांहीं सुचलें नाहीं तेथें खडी फोडणें. माझे वडील मराठी शाळेंत मास्तर होते. हजेरीपट लिहावयास त्यांस अधूनमधून बोलावीत. एकदां मी त्यांच्याबरोबर गेलों. माझ्या वर्गांतला एक मुलगा दिवाळीपासून शाळेंत दिसत नव्हता. रूपें आणि समास त्याचे माझ्याहून चांगले. तो तेथें उन्हांत आपल्या आईशेजारीं हातोडी घेऊन खडी फोडीत बसला होता. आमची नजरानजर झाली आणि त्यानें मान खालीं घातली. लाज त्याला वाटली कीं मला, हें आजतागायत ठरलेलें नाहीं.

त्या कामांतला एक रस्ता माळावर जाऊन नुसता थांबत असे. पुढें गांव नाहीं, शेत नाहीं. एका शहरी पाहुण्यांनीं हंसून विचारलें, “मास्तर, हा रस्ता जातो तरी कुठें?” वडील हजेरीपटांतून मान वर न करतां म्हणाले, “संध्याकाळच्या भाकरीकडे.” त्या कामांच्या अनुभवांतूनच पुढें आपल्या राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला, हें वाचकांस ठाऊक आहेच. तो रस्ता मात्र दोन पावसाळ्यांत वाहून गेला.

तेव्हां दुष्काळी कामांतून राजवाडा उभा राहतो तो कसा, आणि तो अद्याप उभा आहे तो कसा, हें पाहावें अशी इच्छा मला झाली. “येतों,” असें मीं मुलाला सांगितलें. आमच्या घरांतून या बाबतींत अद्याप एक शब्दहि आला नव्हता.

पौषांत आम्ही निघालों. मुलगा, नातू आणि आम्ही दोघें. वांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेसनें रात्रभर प्रवास करून सकाळीं उजाडतें तों भोंवतालची भूमि पालटली होती. खुरटीं झुडपें, मधून मधून शमीचीं झाडें, आणि त्यांखालीं शेळ्या. दसऱ्याच्या दिवशीं ज्या शमीचें आपण नुसतें नांव घेतों आणि पानें आपट्याचीं लुटतों, ती शमी येथें घरोघरचा आधार आहे. तिला हे लोक खेजडी म्हणतात. तिचा पाला गुरांना, शेंगा माणसांना. १८९९-१९०० चा जो भीषण दुष्काळ मारवाडांत विक्रम संवत् १९५६ वरून ‘छपनिया’ या नांवानें अजून ओळखला जातो, त्यांत लोकांनीं तिची साल देखील दळून खाल्ली. जोधपूरला वर्षाचा पाऊस सरासरीनें अवघा चौदा इंच. आणि तोहि येईलच असें नाहीं.

राजवाडा शहराच्या कडेला एका टेकडीवर आहे. टेकडीचें नांव चीतर, म्हणून जुनीं माणसें त्यास चीतर पॅलेस म्हणत. दुरून पाहतां तो वाळवंटाच्याच मातीचा केलेला दिसतो, कारण दगड तिकडचाच, पिवळसर वालुकाश्म. मधोमध सुमारें शंभर फूट उंचीचा घुमट आणि दोहों अंगांस लांबच लांब पसरलेले भाग. खोल्या एकूण तीनशें सत्तेचाळीस. वाचकहो, पहिल्या दर्शनीं माझ्या मनांत कौतुकापूर्वीं संतापच आला. एका कुटुंबाला तीनशें सत्तेचाळीस खोल्या!

याचा इतिहास असा आहे. १९२० नंतरच्या दशकांत मारवाडांत लागोपाठ तीन वर्षें अवर्षण पडलें. राठोडांच्या राज्यास एका साधूचा शाप होता व त्यामुळें पाऊस गेला, अशी दंतकथा तिकडे सांगतात, ती असो. शेतकरी दरबाराकडे आले तेव्हां महाराजा उम्मेदसिंग यांनीं त्यांस काम देण्यासाठीं राजवाडा बांधावयास काढला. १८ नोव्हेंबर १९२९ रोजीं पायाचा दगड बसला आणि १९४३ सालीं वाडा पुरा झाला. दोन ते तीन हजार माणसें त्यावर राबत होतीं. योजना हेन्री व्हॉन लँचेस्टर या इंग्रज स्थापत्यकाराची. कार्डिफ शहराचें नगरसभागृह ज्यांनीं बांधलें त्यांपैकीं हा एक. त्यानें येथें मुसलमानी धाटणीच्या कमानींपेक्षां हिंदु देवळांच्या घडणीकडे अधिक लक्ष दिलें आणि तिची सांगड त्या काळच्या विलायती नवीन पद्धतीशीं घातली. टेकडी खडकाळ, तीवर झाड नाहीं, पाणी नाहीं. दगड आणण्यासाठीं मुद्दाम आगगाडीचा रूळ टाकला, बागेसाठीं गाढवांच्या पाठीवरून माती आणली. दगडाचे चिरे असे घडविले कीं एकाच्या खोबणींत दुसरा बसावा. मध्यें चुना नाहीं. मीं एका भिंतीवर सांध्यावरून नख फिरवून पाहिलें. नख अडलें नाहीं.

काम लवकर संपविण्याची कोणालाच घाई नव्हती, हें या हिशेबावरून दिसतें. चौदा वर्षें. दुष्काळी कामांत हीच खरी मख्खी आहे. काम पुरें झालें कीं मजुरी थांबते. लखनौचा मोठा इमामबाडाहि १७८४ च्या दुष्काळांत नबाब असफ-उद्दौल्यानें असाच बांधविला. खर्च म्हणाल तर त्या काळच्या एक कोटीहून अधिक रुपये. मनांत येतें, तेवढ्यांत तलाव किती झाले असते? जवाई नदीवरचें धरण याच राजाच्या कारकीर्दींत, पण १९४६ सालीं सुरू झालें आणि १९५७ सालीं पुरें झालें. आधीं राजवाडा आणि मग धरण, हा क्रम मला तरी उलटा वाटतो, आणि इतकें सगळें पाहून आल्यावरहि मी तो आक्षेप सोडलेला नाहीं. दैवाचा खेळ असा कीं, राजास या वाड्यांत उणीं चार वर्षें राहावयास मिळालें. १९४७ च्या जून महिन्यांत, वयाचीं चव्वेचाळीस पुरीं होण्याच्या आंत, आंत्रपुच्छाच्या विकारानें तो वारला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत त्याच्या नातवानें वाड्याचा एक भाग पाहुण्यांसाठीं उघडला. आज तेथें एका अंगास हॉटेल, एका अंगास संग्रहालय आणि एका अंगास राजघराण्याचा निवास आहे.

आम्हांस जी खोली दिली तिच्यांत आमचें माजघर आणि ओटी दोन्ही मावतील. पलंगावर सात उशा. आमच्या घरीं सात उशा म्हणजे सात माणसें. तेव्हां मंडळींनीं प्रथम त्यांतल्या पांच उचलून कपाटांत ठेवल्या आणि मग सुटकेचा श्वास टाकला. सेवेस केशरी साफा बांधलेला एक तरुण होता. तो मला ‘हुकम’ म्हणे आणि तिला ‘मांसा’. जातांना त्यानें हात जोडून तिला हिंदींत विचारलें, “मांसा, सकाळचा चहा किती वाजतां आणूं?” ती एकदम गोंधळली. तिनें माझ्याकडे पाहिलें. मीं साडेसहा सांगितले. त्यानें मान डोलावली नाहीं. तो तिच्याचकडे पाहत उभा राहिला. मग ती हळूच म्हणाली, “साडेसहा.” तेव्हां तो गेला.

या वास्तूंत लहर किती भरली आहे, तें संग्रहालयांत आणि तळघरांत कळतें. संग्रहालयांत घड्याळें आहेत. त्यांतलें एखादें पवनचक्कीच्या आकाराचें, एखादें दीपगृहाच्या. जेथून समुद्र शेंकडों मैल दूर, तेथें दीपगृह! नातू त्यापुढें बराच वेळ हंसत उभा होता. तळघरांत पोहण्याचा तलाव आहे आणि त्यावर बारा राशी चितारल्या आहेत. वर वाळवंट भाजत असतें आणि खालीं थंडगार काळोखांत निळें पाणी. मीन, कर्क आणि मकर यांची तरी सोय झाली, असें मी विनोदानें म्हणालों. पण तेथें फार वेळ उभें राहवलें नाहीं. माळावरची ती घागर घेऊन उभी असलेली रांग सारखी डोळ्यांपुढें येत होती. आतां शहरास हिमालयांतून येणाऱ्या नद्यांचें पाणी कालव्यानें मिळतें, हें खरें. परंतु हा तलाव बांधला तेव्हां तें मिळत नव्हतें.

मात्र ज्या दालनांत रामायणाचीं चित्रें आहेत, तेथें मी दोन तास बसलों. हीं चित्रें कोणीं काढलीं, तें ऐकून वाचकांस नवल वाटेल. काढणारा पोलंडचा. स्टेफान नॉर्ब्लिन हें त्याचें नांव, जन्म १८९२. आपल्या देशांत तो तसबिरी आणि प्रवासाचीं भित्तिपत्रकें काढण्याबद्दल प्रसिद्ध होता. १९३९ सालीं जर्मन सैन्य पोलंडमध्यें शिरलें तेव्हां तो आपल्या नटी असलेल्या पत्नीसह देशोधडीस लागला आणि फिरत फिरत मुंबईस आला. इकडे राजवाड्याचें सामान विलायतेस करावयास दिलें होतें, तें घेऊन येणारें जहाज युद्धांत बुडालें, असें सांगतात. घर तयार आणि आंत कांहीं नाहीं. तेव्हां मोरवीच्या राजवाड्याप्रमाणें हा वाडाहि सजविण्याचें काम या निर्वासिताकडे आलें. दुष्काळांतून वांचलेल्यांनीं भिंती उभ्या केल्या आणि युद्धांतून वांचलेल्यानें त्या रंगविल्या.

चित्रें पाहून प्रथम मी बिचकलों. आपले राम, सीता, लक्ष्मण आपण रविवर्म्याच्या चित्रांतून ओळखतों. भरदार, गोलसर, दागिन्यांनीं वांकलेले. येथले सडपातळ, लांबट, बाणासारखे ताठ. अंगाच्या रेषा एखाद्या आगगाडीच्या जाहिरातीसारख्या वेगवान. मुलगा म्हणाला, “अण्णा, हा राम पॅरिसहून आल्यासारखा दिसतो.” पण थोड्या वेळानें माझी नजर बसली. ज्याचें राज्य हातचें गेलें, जो बायकोस घेऊन रानोमाळ हिंडला, त्याची कथा या चित्रकारास कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९४६ सालीं तो अमेरिकेस गेला. तेथें सॅन फ्रॅन्सिस्कोंत त्याचें बस्तान बसलें नाहीं आणि १९५२ सालीं त्यानें स्वतःचा अंत करून घेतला. कित्येक वर्षें या चित्रांची कोणीं दाद घेतली नव्हती. अलीकडे पोलंडच्या सरकारच्या मदतीनें तिकडच्याच कुशल कारागिरांनीं येऊन तीं पुन्हां उजळलीं.

आम्हां दक्षिणेकडच्या लोकांस पोलंडचें नांव अगदींच परकें नाहीं. त्याच युद्धांत परागंदा झालेलीं सुमारें पांच हजार पोलिश बायकामुलें १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडें येथें छावणींत राहत होतीं. माझे मामा कोल्हापुरास शिकत असतां त्यांनीं त्यांस रस्त्यांतून हिंडतांना पाहिलें होतें. “पाय भाजत, पण तीं मुलें अनवाणी पळत,” एवढेंच त्यांच्या लक्षांत राहिलेलें. तें ते वारंवार सांगत.

त्या दालनांत बसलों असतां नातवानें विचारलें, “आजोबा, रामायणांत वाळवंट आहे का?” चाळीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसास असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. मीं त्यास युद्धकांडांतील कथा सांगितली. राम सेतूसाठीं समुद्राची आराधना करीत तीन दिवस दर्भांवर पडून राहिला, समुद्र येईना. तेव्हां रागावून त्यानें धनुष्यास अमोघ बाण लावला. समुद्र घाबरून हात जोडीत वर आला. पण चढविलेला बाण उतरत नाहीं; तो सोडावयाचा कोठें? समुद्र म्हणाला, उत्तरेकडे द्रुमकुल्य नांवाचा माझा प्रदेश आहे, तेथें पापी दस्यु माझें पाणी पितात, तो तेथें सोड. राम तसें करता झाला. बाणानें तेथील पाणी शोषून घेतलें आणि ती भूमि मरुकांतार म्हणून प्रसिद्ध झाली. मग रामानें तिला वर दिला: येथें गुरांस सुख होईल, रोग थोडे होतील, फळें, मुळें, मध, तूप आणि दूध यांची वाण पडणार नाहीं.

कथा संपली. नातवास ती आवडली. आमचीं मंडळी इतका वेळ बाजूच्या कोंचावर पाय वर घेऊन गुडघा चोळीत बसली होती. ती म्हणाली, “चूक समुद्राची, आणि बाण बसला कुणाला?”

मीं युद्धकांड किती वेळां शिकविलें असेल. हा प्रश्न एकाहि विद्यार्थ्यानें मला विचारलेला नाहीं, आणि मलाहि तो सुचला नाहीं. मी गप्प राहिलों.

रात्रीं जेवणांत केर-सांगरीची भाजी आली. केर म्हणजे एका कांटेरी झुडपाचें आंबटसर फळ आणि सांगरी म्हणजे त्या खेजडीच्या वाळविलेल्या शेंगा. पाऊस नसला तरी होणारी ही भाजी. दुष्काळांत मारवाडानें तिच्यावर दिवस काढले. ती आतां चकाकत्या ताटांत, लवून नमस्कार करून वाढली गेली. चव उत्तम होती. मिलोच्या भाकरीलाहि एखाद्या दिवशीं असें भाग्य येईल काय, हा विचार मनांत आला आणि हंसूं आलें. साफेवाल्या तरुणास आमच्या घरांतून विचारणा झाली, “तुझ्या घरीं पाणी कुठून भरतात?” तो खेड्यांतला होता. त्यानें सांगितलें कीं, घराशेजारीं जमिनींत टांका आहे, म्हणजे विहिरीसारखें गोल टांकें. भोंवतालचें अंगण उतरतें करून चोपलेलें असतें आणि पावसाचा थेंबन् थेंब त्यांत जातो. टांक्यास झांकण असतें आणि झांकणास कुलूप. किल्ली त्याच्या आईच्या कमरेला. तूप सांडलें तर चालेल, पण पाणी सांडलें कीं जीव जळतो, अशा अर्थाची म्हण त्यांच्याकडे आहे, तीहि त्यानें म्हणून दाखविली. तूप जपून वाढणारी आमची गृहिणी ती म्हण ऐकून बराच वेळ विचारांत पडली होती. मग तिनें आपल्या पेल्यांतलें उरलेलें पाणी पिऊन टाकलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे मला जाग आली तेव्हां ती पलंगावर नव्हती. चाळीस वर्षांची संवय. साडेचारला तिचे डोळे उघडतातच. स्नान करून, अंथरूण स्वतःच नीट करून, ती बाहेरच्या सज्जांत शाल घेऊन बसली होती. खालीं हिरवळीवर मोर उतरले होते. पलीकडे शहर हळूहळू दिसूं लागलें. जुन्या गांवांतलीं निळीं घरें, जीं मूळ ब्राह्मणांचीं असें सांगतात, आणि त्यांवर मेहरानगडचा किल्ला. मी शेजारीं जाऊन बसलों. साडेसहाला चहा आला. तो ठेवून तरुण निघून गेल्यावर ती म्हणाली,

“अहो, चहा किती वाजतां हवा, हें आजवर मला कुणीं विचारलं नव्हतं.”

मीं उत्तर दिलें नाहीं. तीच पुढें म्हणाली, “दिवाळींत तुम्ही नको म्हणालांत तेव्हां मी बोललें नाहीं. ओटीवर सगळे होते. पण मला यायचं होतं. राजवाड्यासाठीं नव्हे हो. दोन दिवस कुणीं हांक मारूं नये, एवढ्यासाठीं.”

“मग मला सांगायचेंस,” मी म्हणालों.

“तुम्ही विचारलंत कुठं?”

मास्तरकीचा पेशा, हिशेब केल्यावांचून राहवत नाहीं. चाळीस वर्षांचे दिवस चौदा हजार सहाशें. दोन्ही वेळांचा स्वयंपाक धरला तर एकोणतीस हजार दोनशें. बाळंतपणें, आजार आणि माहेरपण वजा घातलें तरी पंचवीस हजारांच्या खालीं जात नाहीं. सुना आल्या, तरी चुलीपुढची जागा तिनें सोडली नव्हती, किंवा आम्हीं ती सोडूं दिली नव्हती. माझे वडील दुष्काळी कामावर हजेरीपट लिहीत. या कामाचा हजेरीपट आमच्या घरांत कोणीं लिहिला नाहीं. एवढा हिशेब मीं मनांत केला आणि तिला सांगितला नाहीं, कारण सांगितला असता तर तिनें तोहि दुरुस्त केला असता.

त्या दिवशीं आम्ही कोठेंहि गेलों नाहीं. मुलगा आणि नातू किल्ला पाहावयास गेले. ती दुपारीं तीन तास झोंपली. दिवसा झोंपणें तिला वर्ज्य. आजारावांचून ती अशी झोंपलेली मीं पाहिली नव्हती. मीं खिडकीपाशीं बसून त्या बिनचुन्याच्या चिऱ्यांकडे पाहत होतों. ज्यानें हा चिरा घडविला तो संध्याकाळीं घरीं गेला असेल तेव्हां त्याच्या ओंजळींत किती धान्य पडलें असेल, तें मला कोठें वाचावयास मिळालें नाहीं. संग्रहालयांत राजाचे पेले आहेत, काचसामान आहे, घड्याळें आहेत. त्या दोनतीन हजारांपैकीं एकाचेंहि नांव माझ्या दृष्टीस पडलें नाहीं.

निघतांना मंडळींनीं कपाटांतल्या पांचहि उशा काढून पलंगावर जशाच्या तशा मांडल्या. साफेवाल्या तरुणाच्या हातांत तिनें कांहीं पैसे ठेवले आणि वर, घरून आणलेले बेसनाचे चार लाडू. “आईला दे,” म्हणून सांगितलें. बिल मुलानें कोणास दिसूं दिलें नाहीं आणि मींहि विचारलें नाहीं.

आमच्या घरचा जमाखर्च तिच्याच हातचा. परत आल्यावर एकदां सहज वही चाळतांना पौष महिन्याचें पान उघडलें. गाडीभाडें, चहा, हमाल, नातवासाठीं घेतलेली मोजडी, देवाला ठेवलेले अकरा रुपये, सर्व पैशापैशानें लिहिलेलें आहे. त्याखालीं एक ओळ आहे: “जोधपूर, राहणें, दोन रात्री.” पुढची रकमेची जागा कोरी आहे.